भीमगड ते दांडेली: जंगलात स्वयंसेवक म्हणून यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला किंवा दिवाळीची सुट्टी लागली की आमचे फोन वाजायला लागतात. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, हल्ली मडगावहूनसुद्धा. आम्ही म्हणजे खानापूर-बेळगावातले काही शिक्षक, दुकानदार, रेल्वेतले नोकरदार आणि थोडे शेतकरी. संस्था म्हणावं एवढा पसारा नाही. वनखातं बोलावतं तेव्हा आणि परवानगी देतं तेवढ्यात हातभार लावतो. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

काम नेमकं काय असतं?

खरं सांगितलं की निम्मे लोक "कळवतो" म्हणून फोन ठेवतात. तरी सांगतो. सगळ्यात जास्त वेळ माणसांत जातो. रविवारी नाक्याजवळ उभं राहून आलेल्या गाड्यांना प्लास्टिक आणि बाटल्या आत नेऊ नका म्हणून विनवायचं. शाळेची मुलं आली की त्यांना नाल्याकाठी फिरवायचं. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून खात्याचे लोक जाळरेषा काढतात, तिथे पाचोळा ओढायचा. पक्षी आणि फुलपाखरांच्या नोंदी ठेवायच्या. पावसात रात्री गाड्यांखाली चिरडलेले बेडूक नि साप मोजून कुठल्या वळणावर जास्त मरतात ते लिहायचं.

आणि कचरा. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा गोव्याचा रस्ता, त्यामुळे दोन्हीकडचा कचरा आमच्याच वाट्याला. एखाद्या मोरीखाली उतरलात तर सगळी सहलच तिथे सापडते: चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या, कुंद्याचे रिकामे डबे आणि ओढ्याच्या दगडावर मुद्दाम फोडलेली बाटली. फुटकी काच वेचायला जाड हातमोजे लागतात, किराणा दुकानातले पातळ चालत नाहीत.

मला प्राणी-पक्ष्यांतलं काही कळत नाही. चालेल का?

चालेल. उलट बरं. अर्धवट कळणारे गप्प बसत नाहीत.

ही कामं कुठेकुठे असतात?

आमचा मुख्य वावर खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या काठाने. डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. शिवकालीन भीमगडाचं नाव त्याला मिळालं. म्हादई इथेच देगावच्या बाजूला उगम पावते, गोव्यात जाऊन मांडवी होते. मलप्रभा कणकुंबीला निघते आणि पूर्वेला देशावर वळते. एकाच तालुक्यातलं पाणी एका बाजूने अरबी समुद्राला आणि दुसऱ्या बाजूने कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला जातं, हे मुलांना नकाशावर दाखवलं की ती खरंच गप्प होतात. (म्हादईवरून गोवा-कर्नाटकाच्या पाणीवाटपाच्या भांडणावर पर्यटक तुमचं मत विचारतील. देऊ नका. दुपार त्यातच जाते.)

जंगल झेपणार नाही असं वाटत असेल त्यांच्यासाठी भुतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय आहे, बेळगावहून कोल्हापूरच्या दिशेला, काकती ओलांडल्यावर. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी आवरायला माणसं कमीच पडतात. पिंजऱ्यावर थापा मारणाऱ्या बापाला त्याच्या मुलासमोर न दुखावता कसं थांबवायचं, हे तिथे शिकायला मिळतं. ज्यांना वेळ नाही पण पैसे द्यायचे आहेत त्यांच्यासाठी कर्नाटकातल्या प्राणिसंग्रहालयांची दत्तक योजना असते. प्राण्याचा ठरावीक काळाचा खर्च तुम्ही उचलायचा.

हिवाळ्यात गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्याकडे घटप्रभा पक्षी अभयारण्य. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालत आलेली. तिथे कांड्या करकोचे थव्याने उतरतात. आमच्या मते नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी: उघडं पाणी, पक्षी मोठे, दुर्बीण साधी असली तरी चालते आणि पायाला जळू लागत नाही.

दांडेली-अणशीचा भाग आता काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो. २००७ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये काळी नदीचं नाव मिळालं. तिथलं काम खात्याच्या शिस्तीत चालतं. आपण फक्त जाऊन मिळायचं.

परवानगी कुणाची? माझ्या ओळखीचा वनखात्याचा एक वॉचर (पहारेकरी) आहे, त्याच्याबरोबर आत गेलो तर?

नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. ती परवानगी वरून लेखी येते, वॉचरच्या तोंडी शब्दावर नाही. पकडले गेलात तर तुम्ही दंड भरून घरी जाल, नोकरीवर गदा त्याच्या येईल. हंगामी पगारावर राबणारा माणूस तो. तुमच्या हौसेची किंमत त्याने का मोजायची?

आमच्याबरोबर येणाऱ्यांची यादी आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसला जाते. आधारची प्रत, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा नंबर लागतो. आयत्या वेळी "माझा मित्रही आलाय" म्हणून कुणाला आणलंत तर मित्र नाक्यावर चहा पीत बसेल.

कन्नड येत नाही. अडचण होईल का?

गावांत होणार नाही. हेम्मडगा, गवाळी, आमगाव, कणकुंबी, जांबोटी सगळीकडे मराठी चालते, थोडी कोकणीकडे झुकलेली. ऑफिसातले फॉर्म आणि सूचना कन्नडमध्ये असतात, त्या आमच्यापैकी कुणीतरी वाचून सांगतो. गार्ड बदलून येतात ते कधी बिदरचे, कधी विजयपूरचे. त्यांच्याशी दोन शब्द कन्नडमध्ये बोललात तर त्यांना बरं वाटतं. सीमाप्रश्न जंगलात काढायचा नाही, हा आमचा जुना नियम आहे. ज्यांना काढायचाय त्यांच्यासाठी बेळगावात कट्टे पुष्कळ आहेत.

कधी यावं?

बेडूक, काजवे, बुरशा पाहायच्या असतील तर मेअखेर ते सप्टेंबर. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये जंगल रखरखीत वाटतं पण पाणवठ्याभोवतीच्या चिखलात पावलांचे ठसे वाचायला तोच काळ चांगला. जुलै-ऑगस्टला कणकुंबी-आमगावकडे पाऊस असा लागतो की दिवसचे दिवस समोरचं झाड दिसत नाही. तरीही यायचं असेल तर कपडे वाळणार नाहीत हे गृहीत धरून या.

मग दिसतं काय? वाघ, बिबट्या?

वाघ या पट्ट्यात आहेत, बिबटे आहेत, कोळसुंदे (रानकुत्रे) आहेत, दांडेलीकडे काळा बिबट्याही आहे. तुम्हाला दिसतील का? जवळजवळ नाहीच. दाट सदाहरित जंगलात वीस पावलांवरचा गवा दिसत नाही, तिथे बिबट्याचं काय घेऊन बसलात. वाघच पाहायचा असेल तर ताडोब्याला जा, आम्हाला वाईट वाटणार नाही.

इथलं वैभव लहान आकाराचं आहे. जूनमध्ये पहिले दोन-चार जोराचे पाऊस झाले की मलबारी उडता बेडूक झाडावरून खाली येतो. हिरवागार, बोटांमधले पडदे लालभडक. तळ्यावर, विहिरीच्या कठड्यावर, कधी गावातल्या सिमेंटच्या टाकीवर झुकलेल्या फांदीला मादी फेसाचं घरटं करते. ताजं असताना पांढरं, ताकाच्या फेसासारखं, मग वरून खरपुडी धरतं आणि पिवळसर तपकिरी होतं. आत अंडी ओली राहतात. काही दिवसांनी तो फेस खालून विरघळतो आणि बेडकांची पिल्लं एकेक करून टप् टप् पाण्यात पडतात. त्या वेळी खाली टॉर्च धरून बसलं की तासभर कुणी बोलत नाही. गावातल्या बायका टाकी धुताना हे घरटं घाण म्हणून काढून टाकायच्या. एकदा पोरांना पडणारी पिल्लं दाखवली, तेव्हापासून ती पोरंच पहारा देतात.

कॅसल रॉकच्या परिसरातून २००५ मध्ये रातबेडकाची नवी जात जगापुढे आली, आंबोलीच्या नावाचा टोड २००९ मध्ये. म्हणजे आपल्या आजोबांच्या पायाखालून उड्या मारणारे प्राणी, शास्त्राच्या वहीत नाव लागलं ते काल-परवा.

रात्री दिवे घालवून उभं राहिलात तर भर पावसात कुजक्या काटक्यांवर चमकणारी बुरशी दिसते. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, तेवढा मोबाइल खिशात राहू द्या. काजवे त्याआधी, पावसाच्या तोंडावर. काजव्यांच्या झाडावर गाडीचे हेडलाइट मारणाऱ्यांना आम्ही परत बोलावत नाही.

पक्ष्यांत धनेश. महाधनेश डोक्यावरून गेला की पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी मागून. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, बारीक फट तेवढी ठेवते आणि त्या फटीतून नर तिला उंबराची, जायफळाची फळं भरवतो. नर मेला किंवा घाबरून यायचा थांबला तर आतली मादी नि पिल्लं उपाशी. म्हणून जानेवारीपासून मेपर्यंत घरट्याचं झाड आम्ही कुणालाही दाखवत नाही, कितीही मोठी लेन्स आणा. कवडे धनेश मात्र दांडेलीच्या लाकूड डेपोच्या आवारात आरामात दिसतात. त्यासाठी जंगल तुडवायची गरज नाही. शिवाय शेकरू, तिबोटी खंड्या, मलबारी कर्णा, पहाटे माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर, आणि नशीब असेल तर एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाणारा उडता सरडा.

बारापेडेच्या गुहा दाखवाल का?

नाही.

एवढ्यावर लोक नाराज होतात म्हणून कारण सांगतो. तळेवाडीजवळच्या या गुहांत १९१२ मध्ये एक वटवाघूळ सापडलं. पुढच्या वर्षी त्याला शास्त्रीय नाव मिळालं, वन अधिकारी रॉटन यांच्यावरून. मोठे कान, अंगावर गडद तपकिरी मखमली केस, मानेवर फिकट पट्टा, शेपटीचं टोक पडद्याबाहेर सुटं. कित्येक दशकं साऱ्या जगात त्याचा हा एकच पत्ता माहीत होता. पुढे मेघालयात आणि कंबोडियात ते आढळलं, तरी ही वसाहत मोलाची ती मोलाचीच. वटवाघळं विणीच्या काळात पिल्लं छातीशी धरून लटकतात. टॉर्च आणि आरडाओरड झाली की सगळी एकदम उडतात, पिल्लं खाली पडतात, आणि खाली पडलेलं पिल्लू बहुधा जगत नाही. अभ्यासकांना खात्याची वेगळी परवानगी मिळते. आपण अभ्यासक नव्हे.

अस्वल, गवा, हत्ती. भीती किती खरी?

अस्वलाची खरी. खानापूर तालुक्यात शेताला जाणाऱ्या माणसांवर अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. वारूळ उकरताना ते गुंग असतं. अचानक समोर आलात की दचकून अंगावर येतं. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला एकटं फिरायचं नाही, चालताना बोलत चालायचं. ताजं उकरलेलं वारूळ किंवा जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर मागे फिरायचं. गवाळीकडचे एक आजोबा नवीन पोरांना सांगतात, "मोबाइलात बघू नकोस गा, वाटेकडं बघ." आमचं सगळं प्रशिक्षण तेवढ्या वाक्यात येतं.

गव्यांचा कळप तुम्हाला बघून निघून जातो. एकांडा नर उभा राहून बघत बसला तर तुम्ही निघून जा.

हत्ती दांडेलीच्या जंगलातून नागरगाळी-लोंढ्याकडच्या शिवारात उतरतात, विशेषतः भात पोसवल्यावर. २००२ मध्ये याच बाजूने ते दोडामार्गात मांगेलीला उतरले आणि सिंधुदुर्गाला हत्ती नवीन झाले. हत्ती हाकलायच्या कामात आम्ही स्वयंसेवक घेत नाही. बघायला जमणारी गर्दी हाच तिथला मोठा त्रास असतो.

साप चावला तर?

हलायचं कमी, अंगठी-घड्याळ काढायचं, चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आहे. हिरवा-तपकिरी मलबारी चापडा, जो पावसाळ्यात हाताच्या उंचीवर फांदीला बसलेला असतो, त्याच्यावर ती लागू नाही. त्याच्या चावण्याने माणूस क्वचितच दगावतो, पण सूज आणि वेदना सोसाव्या लागतात. त्यामुळे न बघता फांदीला हात लावायचा नाही, आणि मुक्कामाला जमिनीवर अंथरूण घालायचं नाही. मण्यार रात्री घरात येते. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, तेव्हा दवाखान्यात कागदपत्रं होणार, घाबरू नका.

साप पकडून दाखवणारे तथाकथित सर्पमित्र आमच्यात नकोत. गळ्यात धामण घालून फोटो काढणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी एसटी दाखवली होती.

जळवा?

लागतील. तंबाखूचं पाणी किंवा मीठ मोज्यांना लावा, लांब जळूमोजे मिळाले तर उत्तम. रक्त थोडा वेळ थांबत नाही, एवढंच.

गोचिडीकडे जास्त लक्ष द्या. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप गेल्या दशकात दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीपर्यंत आला. तो गोचिडीतून पसरतो, कोरड्या महिन्यांत जास्त. घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे, अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, जागा लक्षात ठेवून आम्हाला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. नंतर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला "जंगलात गेलो होतो" हे आपणहून सांगा.

वाघगणनेत भाग घेता येतो का?

देशभरची गणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते. स्वयंसेवक घ्यायचे की नाही हे त्या त्या वेळी खातं ठरवतं आणि अर्ज मागवतं. निवड झाली तर आठवडाभर जंगलात राहायचं. आधीचे तीन दिवस ठरलेल्या वाटेने किमान पाच किलोमीटर चालत ठसे, विष्ठा, ओरखडे यांच्या नोंदी, नंतरचे तीन दिवस पहाटे दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर दिसलेले हरीण, सांबर, गवे मोजणं. सगळं फोनमधल्या एम-स्ट्राइप्स ॲपवर. चढ असला तरी रेषा सोडायची नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी अर्ज करू नये, हे प्रेमाने सांगतो.

आमच्या नोंदींचं पुढे काय होतं?

पक्ष्यांच्या नोंदी आम्ही ईबर्डवर टाकतो, बाकीच्या आयनॅचरलिस्टवर. दोन्ही निसर्गनोंदींची संकेतस्थळं. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक पक्षीगणनेला शाळांना जोडून घेतो. दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा झाकून ठेवायची सोय दोन्हीकडे आहे, आपण होऊन लपवायचं असेल तेव्हाही ती वापरा. खवल्या मांजराचा फोटो लोकेशनसह टाकणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं. रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांची यादी मात्र नेमक्या जागेसकट रेंज ऑफिसला देतो. दोन वळणांवर वेग कमी करा म्हणून फलक लागले, ते त्या यादीवरून. अजून तिसऱ्या वळणासाठी खेटे घालतोय.

रील करायला चालेल का? ड्रोन?

ड्रोन नाही. रील कचरा वेचतानाची करा. वज्रपोहा किंवा चिखले धबधब्याच्या कड्यावर उभं राहून केलेली नको. पावसाळ्यात या धबधब्यांवर गेल्या काही वर्षांत प्रशासन बंदी घालतं, ती माणसं वाहून गेल्यावर घातलेली आहे.

गावातले लोक आपल्याला कसे वागवतात?

घरात पाहुणा आला तर पेज, भाकरी, काहीतरी पुढे येतंच. पण त्यांच्या मनात राग नाही असं समजून जाऊ नका. अभयारण्य आलं तेव्हापासून रस्ता, वीज, मोबाइल टॉवर सगळ्याला परवानगी लागते. रात्री आजारी माणसाला खाटेवर घालून न्यावं लागल्याच्या गोष्टी आमगावसारख्या गावांत अजून ऐकाल. काही वस्त्या स्थलांतराला तयार आहेत, काही नाहीत, आणि एकाच घरात दोन मतं असतात. रानडुकराने भात नासलं तर भरपाईचा कागद किती टेबलं फिरतो हे त्यांना विचारा. जानेवारी २०२० मध्ये पलीकडे सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ विषाने मेले. गाय मारली जाते, भरपाई वेळेत येत नाही, आणि मग कुणाचा तरी तोल जातो. "जंगल वाचवा" हे शहरातलं भाषण तिथे देऊ नका. आधी त्यांचं ऐका, आणि जमलं तर भरपाईचा अर्ज नीट भरून द्या. आमच्या सगळ्या कामांत वन्यप्राण्यांच्या सर्वांत उपयोगी पडलेलं काम बहुधा हेच.

मानधन, प्रमाणपत्र?

मानधन नाही. प्रवास तुमचा, जेवण आम्ही वर्गणीतून करतो. कॉलेजला दाखवायला पत्र हवं असेल तर किमान चार वेळा आल्यावर देतो. एकदा येऊन पत्र मागणाऱ्यांमुळे हा नियम करावा लागला.

लहान मुलांना आणता येईल? मुली एकट्या आल्या तर?

दहा वर्षांपुढची मुलं आईवडिलांपैकी एकाबरोबर, फक्त दिवसाच्या कामाला. मुली, बायका पुष्कळ येतात. मुक्काम असेल तेव्हा त्यांची सोय गावातल्या एखाद्या कुटुंबात करतो आणि गटात किमान दोन जणी असतील हे आधी बघतो.

येताना काय आणू?

मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पकड असलेले बूट, टॉर्च, पाण्याची स्टीलची बाटली, डबा, जुनं वर्तमानपत्र (ओल्या बुटांत कोंबायला), पेन्सिल. पेन पावसात लिहीत नाही. अत्तर, डिओ नको. ब्लूटूथ स्पीकर घरी.

यायचं पक्कं केलं. पुढे?

बेळगावहून सकाळची लोंढ्याकडे जाणारी गाडी किंवा खानापूरची बस पकडा. खानापूर स्टँडवर सात वाजता जमतो, सव्वासातला निघतो. उशीर झाला तर मागून रिक्षाने येऊ नका, पुढच्या वेळी या.